डोरीच्या सिनेमात राजकारण आहेच, आणि ते मुलांना दिसू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका पालकांचं पत्र होतं, की हल्ली मुलांच्या कार्टून सिनेमातसुद्धा राजकारण आणि सामाजिक संदेश घुसडतात, पूर्वी कसे 'फाइंडिंग निमो' आणि 'फाइंडिंग डोरी'सारखे निखळ सिनेमे यायचे, मासे पोहतायत, धमाल करतायत, बस. त्यांची काळजी मला कळते, मुलांना थोडा वेळ तरी या सगळ्या भांडणांपासून लांब ठेवावं असं कुठल्याही आईबापाला वाटतंच. पण उदाहरण म्हणून त्यांनी नेमके हेच दोन सिनेमे दिले त्यामुळे मला लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी रत्नागिरी तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते, आणि डोरी मी वर्गातल्या मुलांना प्रोजेक्टरवर बऱ्याचदा दाखवलाय. माझं म्हणणं असं आहे की त्यात राजकारण आहे, भरपूर आहे, आणि तेच काढून घेतलं तर त्या सिनेमात निळ्या रंगाशिवाय फारसं काही उरत नाही.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. निमो आला २००३ मध्ये, दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन, कंपनी पिक्सार. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या एका छोट्या क्लाउनफिशला माणूस पकडून नेतो आणि त्याचा बाप त्याला शोधायला सिडनीपर्यंत जातो, वाटेत त्याला डोरी नावाची निळी मासोळी भेटते जिला काही म्हणजे काही लक्षात राहत नाही. मग १३ वर्षांनी, २०१६ च्या जूनमध्ये डोरीचा स्वतःचा सिनेमा आला. तिला अचानक आठवतं की आपल्यालाही आईबाबा होते, आणि ती त्यांना शोधायला कॅलिफोर्नियातल्या मॉरो बेला पोचते, तिथं समुद्री जिवांची एक संस्था आहे, आजारी आणि जखमी प्राण्यांना आणायचं, बरं करायचं आणि परत सोडायचं असं त्यांचं ब्रीद. डोरीचा जन्मच तिथल्या टँकमधला.

आता राजकारण. २७ जानेवारी २०१७ ला अमेरिकेचे नवे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली, इराण, इराक, लिबिया, सोमालिया, सुदान, सीरिया आणि येमेन या सात देशांच्या नागरिकांना अमेरिकेत यायला बंदी, आणि निर्वासितांना घ्यायचा कार्यक्रमच १२० दिवस थांबवला. विमानतळांवर माणसं अडकून पडली, घरचे बाहेर आणि हे आत. दोनच दिवसांनी, रविवारी, व्हाइट हाउसच्या थिएटरमध्ये कुटुंबांसाठी सिनेमा लावला होता आणि तो नेमका फाइंडिंग डोरी, आणि त्याच वेळी बाहेर रस्त्यावर लोक निदर्शनं करत होते. डोरीला आवाज देणाऱ्या एलेन डिजेनेरस त्याच आठवड्यात आपल्या टीव्ही शोमध्ये म्हणाल्या की मी राजकारणावर बोलणार नाही, फक्त सिनेमाची गोष्ट सांगते. आणि त्यांनी गोष्ट सांगितली, की डोरी आपल्या मित्रांबरोबर अमेरिकेत येते, एका मोठ्या भिंतीच्या आत अडकते, घरच्यांपासून तुटते, आणि तिला मदत करतात ते असे प्राणी ज्यांचा तिच्याशी रंगाचा जातीचा काही संबंध नाही. एक शब्द वाढवला नाही, सिनेमात आहे तेवढंच सांगितलं, आणि जगभर त्याची बातमी झाली.

त्यावर लगेच कोणी म्हणेल की हे एलेन बाईंनी नंतर चिकटवलं. मला तसं वाटत नाही, कारण तारखा बघा ना, हा सिनेमा जाहीर झाला २०१३ मध्ये, तेव्हा ट्रम्प निवडणुकीच्या रिंगणात पण नव्हते, ते उतरले २०१५ च्या जूनमध्ये. म्हणजे लिहिणाऱ्यांनी कोणाला टोमणा मारायला ती भिंत बांधलेली नाही. घर हरवलेल्या कोणाचीही गोष्ट मनापासून सांगायला बसलं की त्यात भिंत येतेच, टॅग येतो, क्वारंटाइन येतं, कोणाला आत ठेवायचं आणि कोणाला कुठं पाठवायचं हे ठरवणारी माणसं येतात. डोरीला पकडल्यावर पहिलं काय करतात तर तिच्या पंखाला एक टॅग लावतात, आणि तो टॅग ज्याच्याकडे तो क्लीव्हलँडच्या मत्स्यालयात जाणार हे ठरलेलं, तिला कोणी विचारलेलं नाही. आपण मोठी माणसं हे बघून पुढे जातो, पण माझ्या वर्गातला प्रश्न असतो की "बाई, तिला विचारलं का नाय?"

सिनेमाच्या सुरुवातीलाच एक सीन आहे जो बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. मिस्टर रे नावाचे मास्तर आहेत, ठिपकेवाला पाखट मासा, ते पोरांना पाठीवर बसवून सहलीला नेतात आणि शिकवतात काय तर स्थलांतर, की हे आतून येतं, घराची ओढ असते म्हणून मासे हजारो मैल जातात. त्या धड्यातूनच डोरीला घर आठवतं. मी हा भाग थांबवून दाखवते, कारण माझ्या वर्गात स्थलांतर करून आलेली मुलं बसलेली असतात. आमच्याकडे आंब्याच्या बागांमध्ये राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, बोटींवर खलाशी म्हणून नेपाळमधले लोक असतात, त्यांची मुलं वर्ष अर्धं झाल्यावर शाळेत दाखल होतात आणि हंगाम संपला की निघून जातात, पटावरचं नाव तसंच राहतं. मराठी हळूहळू येते त्यांना, आणि डब्याच्या वेळी ती एका बाजूला बसतात. या मुलांना डोरी कोण आहे हे समजावून सांगावं लागत नाही. उलट बाकीच्या मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं की आपल्या शेजारी बसणारा हा मुलगा कुठून तरी आलाय म्हणजे त्याचं एक घर मागे राहिलंय, तिथं त्याची आजी असेल. एकीनं विचारलं होतं त्याला, तुझं गाव केवढं लांब आहे, किती दिवस लागतात. इतके दिवस नुसतं शेजारी बसून तिनं ते विचारलेलं नव्हतं.

पण खरं सांगू का, मला भिंतीपेक्षा मोठी गोष्ट शिंपल्यांची वाटते, आणि तिच्यावर कोणीच फारसं लिहीत नाही.

डोरीला स्मृतीचा त्रास आहे हा पहिल्या सिनेमात बराचसा विनोदाचा भाग होता, आपण सगळे हसलो. दुसऱ्या सिनेमात दिग्दर्शकांनी कॅमेरा मागे नेऊन तिचं लहानपण दाखवलं. एवढीशी डोळेच डोळे असलेली डोरी, आणि तिचे आईबाबा, जेनी आणि चार्ली, तिला एक वाक्य पाठ करून घेतायत, की मी डोरी, मला थोड्या वेळापूर्वीचं आठवत नाही. लाजत नाहीत, लपवत नाहीत, समोरच्याला सरळ सांगायला शिकवतायत. आणि घराकडे यायची वाट तिला लक्षात राहणार नाही म्हणून ते वाळूत शिंपल्यांची रांग मांडतात, तू हरवलीस तर शिंपले बघ आणि त्यांच्या मागे ये. पोरीला बदलायला ते निघालेले नाहीत, तिच्या भोवतीची वाट बदलतायत. अख्खं सर्वसमावेशक शिक्षण ज्याला आपण म्हणतो, ज्यावर आम्हाला वर्षावर्षाला प्रशिक्षणं होतात, पीपीटी दाखवतात, ते या एका सीनमध्ये आहे आणि दुसरीतल्या मुलालासुद्धा कळतं.

त्याच्याच पुढचा सीन जास्त अवघड आहे. रात्री आई रडतेय, हिचं पुढं कसं होणार, ही एकटी कशी राहील, आणि डोरी ते ऐकते. आईला जांभळा शिंपला आवडतो म्हणून तो आणायला जाते आणि प्रवाहात ओढली जाऊन हरवते. विशेष मुलांच्या आयांशी मी इतक्या वर्षांत बोललेय, प्रत्येकीच्या तोंडी हेच वाक्य असतं, आमच्या माघारी हिचं काय. आणि आपल्याला वाटत असतं की मुलांना ते कळत नाही. कळतं. सिनेमा हे सांगतो, तेसुद्धा कोणाला दोष न देता, आई वाईट नाही, पोर वाईट नाही.

मग मार्लिन, म्हणजे निमोचा बाप, चांगला माणूस, म्हणजे चांगला मासा, पण काळजीच्या भरात डोरीला बोलून जातो की तू तिकडे जाऊन थांब आणि विसरून जा, तेच तुला सगळ्यात चांगलं जमतं. थिएटरमध्ये हे ऐकलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला होता, कारण असं वाक्य मी आमच्या स्टाफरूममध्ये ऐकलंय, अगदी प्रेमळ शिक्षकांच्या तोंडून. आणि पुढे याच मार्लिनला अडचणीतून बाहेर पडताना स्वतःला विचारावं लागतं की इथं डोरी असती तर तिनं काय केलं असतं. तिची पद्धत, म्हणजे जे समोर दिसतंय ते बघायचं, जास्त मागचा पुढचा विचार नाही, उडी मारायची, ती पद्धतच त्यांना वाचवते. म्हणजे ती दयेची धनी नाही, तिच्याकडून शिकण्यासारखं आहे. शेवटी ती आईबाबांची माफी मागायला लागते की मी विसरले, तर आई तिला माफी मागूच देत नाही, तू आम्हाला शोधलंस, तुझ्या पद्धतीनं लक्षात ठेवलंस असं म्हणते. आणि तिला ते सापडतात कसे, तर इतकी वर्षं त्या दोघांनी चारी दिशांना शिंपल्यांच्या रांगा मांडून ठेवलेल्या असतात. इथं माझ्या वर्गात दरवेळी शांत होतं.

दुसरी पात्रंपण बघा. डेस्टिनी नावाची व्हेल शार्क आहे तिला लांबचं दिसत नाही, भिंतीवर आपटते. बेली नावाचा बेलुगा व्हेल आहे, डोक्याला मार लागल्यापासून आपली आवाजावरून दिशा ओळखायची ताकद गेली असं त्याला वाटतंय, खरं तर ती शाबूत आहे. हँक ऑक्टोपस, त्याचा एक पाय तुटलेला. निमोचा एक पंख जन्मापासून छोटा. यातला कोणीही शेवटी 'बरा' होत नाही. आपल्याकडच्या जुन्या सिनेमात आंधळ्याला शेवटच्या रिळात डोळे यायचे आणि मगच सगळं गोड व्हायचं. इथं डेस्टिनीला शेवटपर्यंत तसंच अंधुक दिसतं पण बेली तिला दिशा सांगतो आणि दोघं मिळून भिंतीवरून उडी मारून समुद्रात जातात, कारण डोरीनं तिला सांगितलेलं असतं की समुद्रात भिंती नसतात. हा सिनेमा आला त्याच वर्षी, २०१६ च्या डिसेंबरमध्ये, आपल्या संसदेनं दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा केला. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, या कायद्यात ते एकवीस झालं, अभ्यास शिकण्यातली अडचण म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी त्यात आली. आणि कायद्याचा गाभा तोच आहे, की माणसाला अडतं ते समोरच्या अडथळ्यांमुळं, तर अडथळा काढा, सोय करा. एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. आमच्या तालुक्यात कित्येक शाळांना रॅम्प झाला, चांगलं झालं, पण रॅम्प म्हणजे सगळं नाही, ज्याला पाढा आठवत नाही त्याच्यासाठी शिंपले कोण मांडणार?

पण म्हणून मी या सिनेमाची आरती करायला बसलेले नाही, त्यात एक गोष्ट आहे ती मला फार खटकते. संस्थेच्या बाहेर खडकावर दोन सी लायन, म्हणजे समुद्रसिंह, बसलेले असतात, फ्लूक आणि रडर, आणि जेराल्ड नावाचा तिसरा, जाड भुवयांचा, बादली घेऊन फिरणारा, बोलता न येणारा, तो खडकावर यायला लागला की हे दोघं ओरडून ओरडून त्याला हाकलतात. त्याच्याकडची बादलीसुद्धा फसवून काढून घेतात. तसंच बेकी नावाचा पक्षी, विस्कटलेली पिसं, लाल डोळे. जेराल्ड आणि बेकी दोघंही बाकीच्यांपेक्षा वेगळे आहेत हे उघड दिसतं, आणि सिनेमा त्यांच्यावर हसायला लावतो. डोरीच्या वेगळेपणाला एवढा मान देणाऱ्यांनी जेराल्डला मात्र हाकलू दिलं. परदेशात अपंगांच्या पालकांनी तेव्हा यावर आक्षेप घेतला होता आणि तो बरोबर होता. माझ्या वर्गात मुलं या सीनला खदाखदा हसतात, मग मी सिनेमा थांबवते आणि फक्त एवढंच विचारते की जेराल्डला खडकावर बसू दिलं असतं तर काय बिघडलं असतं. बरीच मुलं गप्प होतात. कोणी म्हणतो जागा होती की बाई. खडकावर खरंच भरपूर जागा असते, तुम्ही बघा परत.

म्हणूनच त्या पालकांना मला सांगायचंय की राजकारण नको म्हणून ते बाजूला ठेवता येत नाही, कोणाच्या हालावर हसायचं आणि कोणाच्या हालावर रडायचं हे ठरवलं तिथंच ते आलं. मुलाशी त्यावर बोललं नाही तर ते तसंच्या तसं आत जातं.

तिसरी गोष्ट बंदिवासाची. पहिल्या सिनेमातला सिडनीचा दातांचा डॉक्टर आठवतो का, तो निमोला पकडून आणतो आणि पेशंटला सांगतो की हा बिचारा रीफवर मरायला टेकला होता, मी त्याला वाचवलं. तो मुद्दाम खोटं बोलत नाहीये, त्याला खरंच तसं वाटतंय! जगात जे जे दुसऱ्याची जमीन, दुसऱ्याची मुलं, दुसऱ्याची भाषा ताब्यात घेऊन बसले त्यांनी हेच सांगितलंय की आम्ही यांना वाचवलं. लहान मुलाला वसाहतवाद शिकवायचा तर या सीनपासून सुरुवात करता येईल असं मला फार वाटतं.

डोरीमध्ये हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा होतो कारण ती संस्था खरंच चांगली आहे, तिथली माणसं खरंच प्राणी बरे करून सोडतात. तरी लहान मुलांनी हात घालायचा जो टच पूल दाखवलाय तो बघा, वरून हातच हात येतायत आणि खालचे तारामासे आणि बाकीचे प्राणी जीव मुठीत धरून पळतायत. कॅमेरा खाली आहे म्हणून आपल्याला ते कळतं, वर असता तर तो गोड फोटो झाला असता. या सिनेमाचा शेवटसुद्धा एका डॉक्युमेंटरीमुळं बदलला. २०१३ मध्ये 'ब्लॅकफिश' आली, फ्लोरिडाच्या सीवर्ल्डमधल्या टिलिकम नावाच्या ओर्का व्हेलवर, त्याच्या हातून २०१० मध्ये तिथल्या प्रशिक्षक बाईंचा जीव गेला होता, आणि आयुष्यभर टाकीत कोंडल्यावर एवढ्या मोठ्या बुद्धिमान प्राण्याचं काय होतं हे त्यात होतं. पिक्सारच्या लोकांनी ती बघितली आणि शेवट बदलला, प्राण्यांना बाहेर जायची वाट ठेवली. सीवर्ल्डनं २०१६ च्या मार्चमध्ये ओर्काचं प्रजनन थांबवायचं जाहीर केलं, डोरी येण्याच्या तीन महिने आधी.

आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे भारतानं हे त्याच्या आधीच केलं होतं. मे २०१३ मध्ये आपल्या केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणानं परिपत्रक काढलं की देशात डॉल्फिनचे खेळ करणारे पार्क काढायला परवानगी द्यायची नाही, तेव्हा काही ठिकाणी तसे बेत चालू होते. डॉल्फिन इतके बुद्धिमान आणि संवेदनशील आहेत की त्यांना करमणुकीसाठी कोंडणं योग्य नाही असं त्यात लिहिलंय. किती पालकांना हे माहीत आहे? आमच्या समुद्रात गुहागर, दापोली, मालवणला होडीतून डॉल्फिन दिसतात, मोकळे, त्यांच्या मर्जीनं आले तर आले. मुलांना मी सांगते, हे असंच राहिलं ते आपोआप नाही, कोणीतरी ठरवलं म्हणून.

पण मग राणीच्या बागेतले पेंग्विन? २०१६ मध्येच, जुलैमध्ये, दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आले, ऑक्टोबरमध्ये त्यातला एक गेला, आणि मार्च २०१७ पासून लोक बघायला जायला लागले. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी भायखळ्यात एसीमध्ये. त्यावरून आपल्याकडे जे भांडण झालं ते सगळं पक्षांचं झालं, कोणी आणले, किती खर्च झाला, कोणाचं नाव. पेंग्विनसाठी बरं की वाईट यावर बोलणारे अगदी थोडे होते. मुलं मात्र तेच विचारतात. आमची सहल गेली होती तेव्हा मुलांना पेंग्विन खूप आवडले, आणि परत येताना गाडीत एकानं विचारलं की यांना सोडणार कधी. डोरीच्या संस्थेत सोडतात हे त्यानं बघितलेलं होतं ना. माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं. प्राणीसंग्रहालयं बंदच करा असं मी म्हणत नाही, मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय, १९५१ मधलं, आमच्या पिढीतल्या कित्येकांनी समुद्राच्या पोटात काय असतं ते तिथंच पहिल्यांदा बघितलं. पण इमारत धोकादायक म्हणून ते बंद झालं, आता नवीन जे काही होईल ते कसं असावं, त्यात नुसता देखावा की जखमी कासवांचा दवाखानासुद्धा, हे ठरवताना मुलांना विचारा असं मला मनापासून वाटतं.

हँक ऑक्टोपसचं मात्र वेगळं आहे, त्याला समुद्रात जायचंच नाहीये. तिथं त्यानं इतकं भोगलंय की क्लीव्हलँडच्या काचेच्या पेटीत एकट्यानं पडून राहायला मिळावं एवढंच त्याला हवंय, त्यासाठी त्याला डोरीचा टॅग पाहिजे. हे पात्र लिहिणाऱ्याला मी मानते, कारण मोकळीक चांगली असं सगळेच सांगतात पण मार खाल्लेल्या जिवाला पिंजरा सुरक्षित वाटतो हे मुलांच्या सिनेमात कोण सांगतं? शेवटी तो समुद्रात येतो, तोसुद्धा कोणी ढकललं म्हणून नाही, सोबत मिळाली म्हणून.

आता एक मोठी उणीव, आणि ती किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच टोचेल. या दोन्ही सिनेमांत कोळी कुठं आहे? निमोच्या शेवटी मोठ्या बोटीचं जाळं येतं, डोरी आणि शेकडो मासे त्यात अडकतात, मग सगळे एकदम खाली पोहतात आणि जाळं तुटतं. एकीचा तो सीन अप्रतिम आहे, मुलं अक्षरशः खुर्चीवर उभी राहून ओरडतात खाली खाली. पण माझ्या वर्गात निम्म्या मुलांचे वडील, काका, आजोबा त्याच जाळ्याच्या दुसऱ्या बाजूला असतात. एका पोरानं घाबरत विचारलं होतं, आपले पप्पा वाईट का? सिनेमात जाळ्यापलीकडच्या माणसाला चेहराच नाही, त्यामुळं सगळे मच्छीमार एकसारखे दिसतात. खरं म्हणजे आमच्याकडे मोठं भांडण माशांचं आणि माणसांचं नाहीच, ते पारंपरिक मच्छीमार आणि मोठ्या यांत्रिक पर्ससीन बोटींचं, म्हणजे माशांच्या अख्ख्या थव्याला जाळ्यानं घेरणाऱ्या बोटींचं आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, छोटी जाळी टाकणारे वर्षानुवर्षं सांगत होते की पर्ससीननं लहान मोठी सगळी मासळी उचलली जाते, पुढं काही उरणार नाही, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं पर्ससीनवर बंधनं आणली. ती किती पाळली जातात हे किनाऱ्यावर येऊन बघा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, माशांना अंडी घालायला वेळ मिळावा म्हणून, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी काढायची नाही ही कोळ्यांची स्वतःची रीत त्याच्याही आधीपासूनची.

आणि जाळं कापणारे मच्छीमारसुद्धा आहेत. कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन असा संरक्षित प्राणी जाळ्यात आला तर स्वतःचं महागाचं जाळं कापून ते सोडून देतात, आणि २०१८ पासून राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्ष मिळून त्यांना जाळ्याची नुकसानभरपाई देतात, पंचवीस हजारांपर्यंत. त्या पोराला मी हेच सांगितलं, की व्हेल शार्कला, म्हणजे सिनेमातल्या डेस्टिनीला, आपल्याच इथले लोक जाळं कापून सोडतात. त्याचा चेहरा असा उजळला!

घरी मासे पाळण्याबद्दल एक सांगायला पाहिजे कारण सिनेमा बघितल्यावर मुलं हट्ट धरतात. क्लाउनफिशची पैदास टाकीत होते, पण डोरीच्या जातीचा निळा मासा तेव्हा बाजारात यायचा तो रीफवरून पकडूनच, टाकीत त्याची पिल्लं वाढवणं पहिल्यांदा जमलं ते फ्लोरिडाच्या विद्यापीठातल्या संशोधकांना, २०१६ मध्येच. सिनेमामुळं या माशांची विक्री भयंकर वाढली असं सगळीकडे छापून येतं, पण डोरीच्या बाबतीत ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नंतर तपासलं तेव्हा तसा ठोस पुरावा मिळाला नाही, लोकांनी इंटरनेटवर त्या माशाची माहिती मात्र जास्त शोधली. मला यात आशा वाटते. मुलांना हट्टापेक्षा कुतूहल जास्त असतं, ते भागवायला कोणी मोठं माणूस जवळ पाहिजे.

तर त्या पालकांना माझं एवढंच सांगणं आहे की तुमच्या मुलांबरोबर डोरी परत एकदा बघा, आणि मधे मधे थांबवा. तुमच्या पेपरलासुद्धा एक विनंती. रविवारच्या पुरवणीत मुलांच्या सिनेमांवर चार ओळी येतात, किती स्टार आणि कोणत्या थिएटरला, त्या ठिकाणी महिन्यातून एकदा तरी मुलांनीच लिहिलेलं छापा. आमच्या शाळेतली मुलं लिहायला तयार आहेत, त्यातली दोन बोटीवरच्या खलाशांची आहेत, एकाला अक्षरं उलटी दिसतात म्हणून तो सांगेल आणि त्याची मैत्रीण लिहून घेईल. शब्दमर्यादा आणि पाठवायची तारीख तेवढी कळवा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, ता. जि. रत्नागिरी